सुट्रोचा बोगदा, सुट्रोचा समुद्र

पहिला दिवस, गुरुवार

फ्रीमाँटहून बार्ट या लोकलने सॅन फ्रान्सिस्कोत उतरलो आणि गिअरी रस्त्यावर ३८ नंबरची बस पकडली. ही बस शहर आडवं पार करून थेट पॅसिफिकच्या काठाजवळ जाऊन थांबते. बरोबर आमची ही आणि नात. नातीला जूनची सुट्टी होती, लेक आणि जावई दुसऱ्या दिवसापासून येणार होते.

दोन वर्षांपूर्वी लेकीने हा किनारा दाखवायला आणलं होतं, तेव्हा कड्यावरच्या क्लिफ हाऊस या इमारतीच्या शेजारी खाली काँक्रीटच्या पडक्या भिंती आणि त्यांत साचलेलं पाणी दिसलं होतं. ते सुट्रो बाथ्स या जुन्या सार्वजनिक स्नानगृहाचे अवशेष. बांधणारा अ‍ॅडॉल्फ सुट्रो, या शहराचा महापौर, आणि त्याआधी नेवाडात चांदीच्या खाणींखालून बोगदा काढणारा माणूस, एवढं तेव्हा समजलं. माझी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यातली बरीच वर्षं कोयनेच्या चौथ्या टप्प्यावर. अलोऱ्याच्या वसाहतीत राहायचं आणि दिवसचे दिवस सह्याद्रीच्या पोटात काढायचे. बोगदेवाला म्हटल्यावर मला राहवेना. दोन वर्षं मिळेल ते वाचलं आणि यंदा लेकीला सांगून टाकलं की पाच दिवस मला सुट्रोसाठी हवेत.

शेवटच्या थांब्यापासून सुट्रो हाइट्सची बाग दोन मिनिटांवर आहे. फाटकाशी दगडी सिंह, आत उंच ताडांच्या रांगा, झाडीत डायनाचा पुतळा. १८८१ मध्ये सुट्रोने ही टेकडी घेतली तेव्हा भोवताली वाळूच्या टेकाडांशिवाय काही नव्हतं. त्याने झाडं लावली, युरोपातल्या पुतळ्यांच्या प्रतिकृती उभ्या केल्या आणि आपल्या राहत्या घराभोवतीची ही बाग लोकांना खुली केली. घर १९३९ मध्ये पाडलं. कड्यावरचा दगडी कठडा मात्र आहे. आम्ही पोचलो तेव्हा धुकं इतकं दाट होतं की खाली समुद्र आहे हे फक्त आवाजावरून कळत होतं. हिने शाल काढली. जून महिन्यात शाल लागते, यावर तिचा अजून विश्वास बसलेला नाही.

अकराच्या सुमारास धुकं वर उचललं गेलं आणि आम्ही पायऱ्या उतरून हौदांपाशी गेलो. १४ मार्च १८९६ ला हे स्नानगृह उघडलं. एका वेळी दहा हजार माणसं मावतील एवढं काचेचं छप्पर, त्याखाली सात तलाव. एक गोड्या पाण्याचा, बाकीचे समुद्राच्या पाण्याचे आणि प्रत्येकाचं तापमान वेगळं. भाड्याने द्यायला वीस हजार पोहण्याचे कपडे आणि चाळीस हजार टॉवेल. नुसतं बघायला दहा सेंट, पोहायचं असेल तर कपडे-टॉवेल धरून पंचवीस सेंट.

मला भुरळ पडली ती पाण्याच्या व्यवस्थेची. कड्याच्या टोकाला खडकात एक कुंड आहे. भरतीच्या लाटा त्यात उसळून पडत, पाणी तिथे थोडं निवळे आणि उताराने वाहत तलावांत येई. सगळे तलाव मिळून सुमारे १७ लाख गॅलन पाणी, आणि भरती चांगली असली की ते तासाभरात भरत. पंप लागे तो ओहोटीच्या वेळेपुरता. एरवी सगळं काम समुद्र आणि गुरुत्वाकर्षण करी. गुरुत्वाकर्षणावर काम करणारी व्यवस्था कायम पंपापेक्षा चांगली, हे मी नोकरीत शेकडो वेळा ऐकलं आणि म्हटलंही आहे. इथे नातीला ते हात धरून दाखवता आलं. ती म्हणाली, "म्हणजे आजोबा, समुद्रच नळ सोडायचा?" तसंच.

१९६६ च्या जूनमध्ये आगीत उरलीसुरली इमारत गेली. आता खाली शेवाळलेले हौद आहेत आणि त्यांत बदकं पोहतात.

परतताना बसमध्ये पास टेकवला आणि पाच सेंटांची गोष्ट आठवली. सुट्रोने बाग आणि समुद्रकाठ लोकांसाठी तयार केला, पण लोकांनी शहराच्या त्या टोकाहून इथवर यायचं कसं? इथे येणारी आगगाडी सदर्न पॅसिफिक कंपनीच्या ताब्यात गेली आणि एका भाड्यात होणाऱ्या प्रवासाला दोन भाडी पडू लागली. पाच सेंटांचे दहा. मजुराच्या कुटुंबाला रविवारी समुद्रावर जाऊन यायचं तर हा फरक परवडणारा नव्हता. सुट्रोने विनंत्या केल्या, मग भांडण मांडलं. आपल्या जागेला कुंपण घालून कंपनीच्या गाडीने येणाऱ्यांना पंचवीस सेंट प्रवेशमूल्य लावलं आणि शेवटी स्वतःची विजेची ट्राम टाकली. फेब्रुवारी १८९६ मध्ये ती सुरू झाली, पाच सेंटांत. १८९४ च्या निवडणुकीत लोकांनी त्याला महापौर केलं ते मुख्यतः या भांडणामुळे. ज्या कंपनीला सगळं कॅलिफोर्निया 'ऑक्टोपस' म्हणत होतं, तिच्याशी तो उघड लढत होता.

दुसरा दिवस, शुक्रवार

पहाटे निघालो. जावई गाडी चालवत होता. सॅक्रामेंटो ओलांडलं की रस्ता सिएरा नेवाडा चढू लागतो. डॉनर खिंडीत, सुमारे २,२०० मीटर उंचीवर, रस्त्याकडेला अजून बर्फाचे ढिगारे होते. नातीला उतरायचंच होतं, उतरलो, बूट भिजवले.

गाडीत मी सगळ्यांना सुट्रोचं पूर्वायुष्य सांगितलं. १८३० मध्ये प्रशियातल्या आखेन गावी जन्म, ज्यू घराणं, वडिलांचा कापडाचा कारखाना. वडील गेले, युरोपात उलथापालथ झाली, आणि १८५० मध्ये आई मुलांना घेऊन अमेरिकेत आली. घर बाल्टिमोरला राहिलं. अ‍ॅडॉल्फ मात्र सोन्याच्या बातम्या ऐकून, विकायला माल घेऊन, पनामामार्गे नोव्हेंबर १८५० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत उतरला. वय वीस. सोनं खणायला गेला नाही. त्याने व्यापार धरला, पुढे सिगार-तंबाखूची दुकानं काढली, लग्न केलं, मुलंबाळं झाली. दहा वर्षं हा माणूस शहरातल्या शंभर दुकानदारांसारखाच एक होता. मग १८५९ मध्ये नेवाडात कॉमस्टॉक नावाचा चांदीचा पट्टा सापडला आणि पुढच्या वर्षी तो बघायला गेला.

"आणि दुकान कोणी सांभाळलं?" हिचा प्रश्न. पत्नी लिआ आणि मुलं शहरात आणि हा वर्षानुवर्षं डोंगरात किंवा वॉशिंग्टनमध्ये, असा तो संसार होता. पुढे दोघं वेगळी राहू लागली. या माणसाची बाजू घेताना हा भाग मला सोडता येत नाही.

संध्याकाळी रीनोत मुक्काम.

तिसरा दिवस, शनिवार

रीनोहून वळणावळणांचा घाट चढून व्हर्जिनिया सिटी. उंची सुमारे १,९०० मीटर, झाड नाही म्हटलं तरी चालेल असे तपकिरी डोंगर, आणि उतारावर पायऱ्यांसारखे रस्ते. मुख्य सी स्ट्रीटवर लाकडी फळ्यांचे पदपथ. शनिवार म्हणून गर्दी होती. खालून व्हर्जिनिया अँड ट्रकी रेल्वेच्या वाफेच्या इंजिनाची शिट्टी ऐकू येत होती. आता ही गाडी प्रवाशांना हौसेने फिरवते. एके काळी ती या गोष्टीतली सुट्रोच्या विरुद्ध बाजूची गाडी होती.

मी एका वळणावर थांबून जावयाला जमिनीवर काठीने आकृती काढून दाखवली. चांदीचा पट्टा डोंगरात खोल उतरत गेलेला. खाणवाले वरून उभे शाफ्ट, म्हणजे विहिरीसारखे खड्डे, मारत खाली जात होते. जितकं खोल जावं तितकं पाणी, तेही कढत, आणि हवा कोंडलेली. माणसं थोडा वेळ काम करायची, मग बर्फाच्या खोलीत येऊन बसायची. पाणी वर उपसायचं, खनिज वर ओढायचं, माणूसही वरच ओढायचा. आग लागली तर बाहेर पडायची वाट एकच, वरची. सुट्रो खाणवाला नव्हता, त्यामुळे त्याने डोंगराकडे बाहेरून पाहिलं. काही किलोमीटरवर कार्सन नदीचं खोरं खूप खाली आहे. तिथून आडवा बोगदा काढून खाणींच्या पायथ्याला भिडवला, तर पाणी आपोआप वाहून जाईल, हवा खेळेल, खनिज नदीकाठच्या, ते दळणाऱ्या गिरण्यांपर्यंत उताराने येईल आणि माणसांना पळायला दुसरं दार मिळेल. १८६० मध्येच त्याने ही कल्पना वर्तमानपत्रातून मांडली होती.

जावई सॉफ्टवेअरमधला. तो म्हणाला, "बाबा, इतकं उघड आहे तर विरोध का झाला?"

सुरुवातीला झाला नाही. १८६५ मध्ये नेवाडाने परवानगी दिली, १८६६ मध्ये अमेरिकेच्या संसदेने, म्हणजे काँग्रेसने, कायदा केला, खाणवाल्यांनी खनिजाच्या टनामागे दोन डॉलर द्यायचं कबूल केलं. मग बँक ऑफ कॅलिफोर्नियाच्या मंडळींच्या लक्षात आलं की बोगदा झाला तर खनिजाची वाट बदलेल. गिरण्या त्यांच्या, होणारी रेल्वे त्यांची, खाणींवरचं कर्ज त्यांचं. एका सिगारवाल्याच्या हातात डोंगराचं खालचं दार द्यायला ते तयार होईनात. सगळ्यांनी करारातून अंग काढलं. सुट्रो पैशासाठी वॉशिंग्टन, न्यू यॉर्क, युरोप फिरला आणि रिकाम्या हाती परतला.

दुपारी गोल्ड हिलला उतरलो. ७ एप्रिल १८६९ ला इथल्या यलो जॅकेट खाणीत आग लागली. धूर शेजारच्या क्राऊन पॉइंट आणि केंटक खाणींत गेला. किमान पस्तीस माणसं गेली आणि काहींचे देह कधी वर आलेच नाहीत. जावई आणि लेक नातीला घेऊन पुढे गेले, मी तिथे थोडा वेळ बसलो. बोगद्यात काम केलेल्या माणसाला धूर म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आम्हाला पहिल्या दिवशी शिकवलं जाई की आत शिरण्यापूर्वी बाहेर पडायच्या वाटा मोजायच्या.

त्याच वर्षी सप्टेंबरात सुट्रो व्हर्जिनिया सिटीच्या नाट्यगृहात खाणकामगारांसमोर उभा राहिला आणि त्याने विचारलं की दुसरी वाट असती तर ही माणसं मेली असती का. कामगार संघटनांनी पन्नास हजार डॉलरचे शेअर घेण्याचं ठरवलं. ते नाट्यगृह १८७५ च्या मोठ्या आगीत गेलं. आज बी स्ट्रीटवर दिसतं ते पायपर्स ऑपेरा हाऊस १८८५ चं आहे. तरीही मी तिथे जाऊन रिकाम्या खुर्च्यांकडे पाहत उभा राहिलो. मोठ्या बँकेने नाकारलेलं काम दिवसाला चार डॉलर कमावणाऱ्या माणसांनी सुरू करून दिलं, याचा मला फार आदर वाटतो.

चौथा दिवस, रविवार

ज्यासाठी आलो तो दिवस. सिल्व्हर सिटीवरून उतरत डेटनला आलो. तिथून जवळच माळावर बोगद्याचं तोंड आहे. जुन्या इमारतींची आणि तोंडाची डागडुजी चालू आहे, आधी नोंदणी करून बघायला जाता येतं. एके काळी इथे सुट्रो नावाचं गावच वसलं होतं. आता काही लाकडी शेड, सुनसान माळ आणि डोंगराच्या पायथ्याला दगडी कमान.

१९ ऑक्टोबर १८६९ ला इथे पहिली कुदळ पडली. पहिली काही वर्षं हाताने भोकं पाडून सुरुंग, मग लंडनच्या मॅकॅल्मोंट बँकेचा पैसा आला, आणि १८७४ पासून दाबलेल्या हवेवर चालणारी बर्ली ड्रिल्स. वाटेत चार उभे शाफ्ट उतरवून एकदम अनेक तोंडांवर काम करायचा बेत होता. पाणी लागलं. शेवटचे दोन सोडून द्यावे लागले. म्हणजे शेवटचा मोठा पल्ला एकाच तोंडाने मारायचा, आणि हवा मागून कित्येक किलोमीटर लांबून आणायची. इथे मी मुलांना थांबवून सांगितलं की खरी कसोटी ही आहे. खडक फोडणं त्यामानाने सोपं असतं. शेवटी शेवटी आतली उष्णता चाळीस अंशांच्या वर गेली. गाड्या ओढणारी खेचरं हवेच्या नळाच्या तोंडाशी डोकं घालून उभी राहत आणि हलायला तयार नसत.

८ जुलै १८७८ ला बोगदा सॅव्हेज खाणीला जाऊन भिडला. लांबी २०,४८९ फूट, म्हणजे सव्वासहा किलोमीटर, आणि डोक्यावर साडेसोळाशे फुटांच्या आसपास डोंगर. भोक पडताच उष्ण हवेचा लोट आला. सुट्रो, तेव्हा अठ्ठेचाळीस वर्षांचा, त्या भोकातून सरपटत पलीकडे गेला.

तो क्षण मी माझ्यापुरता ओळखतो. १३ मार्च १९९९ ला कोयनेच्या शिवाजीसागरात पहिलं लेक टॅपिंग झालं. वर भरलेला जलाशय, खाली आमचा बोगदा, मध्ये खडकाचा शेवटचा पडदा. तो उडाला आणि पाणी ठरल्याप्रमाणे आत आलं, तेव्हा मी बाहेर सहकाऱ्यांबरोबर उभा होतो. कितीतरी वेळ कोणी काही बोललंच नाही. डेटनच्या कमानीपुढे हे सांगताना माझा आवाज बसला, हिने पाण्याची बाटली पुढे केली.

मग काय झालं? बोगदा झाला तेव्हा कॉमस्टॉकची भर ओसरू लागली होती आणि खाणी त्याच्या पातळीच्या खाली उतरल्या होत्या. टनामागे दोन डॉलर द्यायला कोणी तयार नव्हतं. १८७९ च्या सुरुवातीला एका खाणीत कढत पाणी शिरलं, मालकांनी ते बोगद्यात सोडायला घेतलं आणि सुट्रोने बोगदा बुजवायची धमकी दिली. तेव्हा कुठे कमी दराचा करार झाला. थोड्याच काळात त्याने आपले शेअर हळूहळू विकले, १८८० मध्ये राजीनामा दिला आणि श्रीमंत होऊन सॅन फ्रान्सिस्कोला परतला. मागे राहिलेल्या भागधारकांच्या हाती फारसं लागलं नाही. पन्नास हजार गोळा करणाऱ्या खाणकामगारांचा विचार माझ्या मनातून जात नाही. बोगदा चुकला नव्हता, दहा वर्षं उशिरा झाला, आणि त्या उशिराला जबाबदार असलेली मंडळी वेगळी होती. पण विकून निघून जाण्याचा निर्णय सुट्रोचा स्वतःचा होता.

कमानीतून गार वारा येत होता आणि आतून पाण्याचा आवाज. आत जाता येत नाही.

रात्री उशिरा फ्रीमाँटला पोचलो.

पाचवा दिवस, मंगळवार

सोमवार विश्रांतीत गेला. आज आम्ही दोघं आणि नात, पुन्हा शहरात.

सकाळी सॅन फ्रान्सिस्को स्टेट युनिव्हर्सिटीच्या इमारतीतलं सुट्रो ग्रंथालय. परत आल्यावर त्याने शहराची जमीन तर घेतलीच (शहराच्या बाराव्या हिश्श्याएवढी एकट्याची होती म्हणतात), पण पुस्तकंही. युरोपभर फिरून पेट्याच्या पेट्या, दोन लाखांच्या वर. शहराला संशोधनाचं मोफत ग्रंथालय द्यायचं होतं. इमारत कधी झाली नाही. १९०६ च्या भूकंपानंतरच्या आगीत गोदामातली निम्म्याहून अधिक पुस्तकं जळाली. दुसऱ्या इमारतीत ठेवलेली, नव्वद हजारांच्या आसपास, वाचली, आणि वारसांनी ती राज्याला दिली. वाचनालयात शांतता होती, तरुण मुलं मान खाली घालून वाचत होती. नातीने मला कानात विचारलं, "बाकीची कुठे आहेत?" मी तिला खरं ते सांगितलं.

मग बसने पार्नासस अव्हेन्यू. मागे माउंट सुट्रोवर त्याने लावायला सुरुवात केलेली निलगिरीची झाडी, पुढे मोठं वैद्यकीय विद्यापीठ. महापौर असताना, १८९५ मध्ये, त्याने याच जागेसाठी तेरा एकर दिले. त्याची मुलगी एमा स्वतः डॉक्टर होती, तीही एकोणिसाव्या शतकात. वडिलांच्या शेवटच्या आजारात तिनेच सगळं सांभाळलं आणि १९०७ मध्ये क्लिफ हाऊस जळाल्यावर ते पुन्हा बांधलंही तिनेच.

दुपारी सिटी हॉल. आजची घुमटाची इमारत १९१५ ची. सुट्रोची जुनी भूकंपात कोसळली. जानेवारी १८९५ ते जानेवारी १८९७, दोन वर्षं तो महापौर होता, आणि त्याच्या आयुष्यातली सर्वांत निष्फळ वर्षं तीच. शहराचा कारभार पाहणारं पर्यवेक्षकांचं मंडळ त्याचं ऐकेना, आणि त्या वेळी महापौराच्या हाती फार अधिकारही नव्हते. जन्मभर स्वतः ठरवून स्वतः करणारा माणूस ठरावांत आणि मतांत अडकला. रेल्वे कंपनीला सरकारचं कर्ज फेडायला मोठी मुदत देणारं विधेयक पडावं म्हणून त्याने जिवाचं रान केलं, आणि तो पायउतार झाला त्याच महिन्यात ते काँग्रेसमध्ये पडलं. त्याच्या वाट्याला आलेलं समाधान एवढंच असावं. ८ ऑगस्ट १८९८ ला तो गेला. आधी काही महिने त्याची बुद्धी काम देत नव्हती.

एक गोष्ट मात्र इथेच नोंदवायला हवी. १८९७ मध्ये जॉन हॅरिस नावाचा कृष्णवर्णीय माणूस सुट्रो बाथ्सवर तिकीट काढून आला आणि त्याला पाण्यात उतरू दिलं नाही. त्याने खटला भरला आणि जिंकला. पाच सेंटांसाठी आख्ख्या रेल्वे कंपनीशी भांडणाऱ्या माणसाच्या दारात हे घडलं. कामगारांना दुसरी वाट हवी, हे ज्याला इतक्या स्पष्टपणे दिसलं होतं, त्याला हे दिसायला हवं होतं.

चार वाजले होते. ही म्हणाली, "अहो, आता घरी?" मी म्हटलं, एकदा समुद्रावर जाऊन येऊ. गिअरीपर्यंत चालत गेलो, ३८ पकडली. शहराच्या या टोकाहून त्या टोकापर्यंत एकच भाडं.

भरती लागली होती. आम्ही तिघं हौदांच्या कडेने टोकापर्यंत गेलो, तिथल्या खडकावरून कुंड दिसतं. मी घड्याळ लावून बसलो. चौथ्या लाटेला पाणी काठावर चढलं, सातवीला आत पडलं. नात ओरडली, "आजोबा, भरतंय!"